सात दिवस तंबाखू बंद

गेल्या डिसेंबरात परभणीत माझी दाढ काढली. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी चोवीस वर्षं फौजेत होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि आता गंगाखेडजवळच्या माझ्या गावात शेती पाहतो. वेळ लिहून ठेवायची खोड मात्र गेली नाही. घरचे हसतात. हसू देत.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिनं दाढ ट्रेमध्ये टाकली, खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हणाली, काका, पाऊण तास घट्ट चावून धरा. मग नीट समजावलं. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, ती जखमेचं झाकण असते, ती हलली की आतलं हाड उघडं पडतं. चोवीस तास थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, गरम काही घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात नुसतं फिरवायचं. गोळ्या पाच दिवस, दुखणं थांबलं तरी पाच दिवस. आणि सात दिवस तंबाखू बंद.

वीस वर्षांत मी तंबाखूला हात लावलेला नाही, हे मला तिला सांगायचं होतं. तोंडात बोळा होता. नुसती मान हलवली.

बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ गालाला रुमाल बांधून बसले होते. माझ्या हातातला सूचनांचा कागद पाहून म्हणाले, "एवढ्याशा दाढेचं एवढं कौतुक कशाला?" त्यांचं नवल नाही. आमच्या जिल्ह्यात दाढेला कुणी दुखणं समजतच नाही. दाढ ठणकली की माणूस आधी शेजाऱ्याला दाखवतो, मग पानटपरीवाल्याला, मग देवाला, आणि गाल भोपळ्याएवढा झाला की डॉक्टरला. दाढेनं कुणी मरत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. मी एक मेलेला पाहिला आहे. तो माझ्या सेक्शनमध्ये होता.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची पलटण उत्तरेत उंचावर होती. पोस्टचं नाव सांगत नाही. उंची सोळा हजार फुटांच्या वर, नऊ माणसं, दोन बंकर, एक रेडिओ सेट. मी सेक्शन कमांडर. माझ्या हाताखाली नायक पवार, साताऱ्याकडचा. आणि शिपाई ज्ञानोबा, वालूरचा, तालुका सेलू. अख्ख्या कंपनीत परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मला सगळे परभणी म्हणायचे, तो आल्यावर तो परभणी टू झाला. वय चोवीस, नोकरी चार वर्षं. वजन उचलायला बैल, बोलायला गाय. मला दादा म्हणायचा. फौजेत हवालदाराला दादा म्हणत नाहीत, उस्ताद म्हणतात. मी त्याला दोनदा रागावलो, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

त्याच्या बायकोला नुकतीच मुलगी झाली होती. लग्नानंतर दोन वर्षांनी. बारसं त्याच्यासाठी थांबवून ठेवलं होतं, आणि त्याच्या छुट्टीचा नंबर महिनाअखेरीस लागत होता. पोस्टवर छुट्टी नंबरानं मिळते. मधे कुणी आजारी पडून हॉस्पिटलात गेला की त्याचा नंबर सरकतो, आणि एकदा सरकलेला नंबर बर्फ पडायला लागल्यावर कुठवर जाईल हे कुणी सांगू शकत नाही. हे प्रत्येक जवानाला माहीत असतं. म्हणून तिथं कुणी लवकर आजारी पडत नाही.

वर चढण्याआधी खालच्या बेसला सगळ्यांचे दात तपासतात. कारण सरळ आहे, उंचावर दात दुखला तर दाखवायला जागा नाही. ज्ञानोबाची खालची दाढ किडलेली निघाली. डॉक्टरनं ती काढली. पहिला दिवस. सूचना त्यालाही मिळाल्या आणि सेक्शन कमांडर म्हणून मलाही मिळाल्या. गोळ्या पाच दिवस, मीठपाणी, सूज दिसली तर ताबडतोब रेडिओवर कळवायचं. सात दिवस तंबाखू बंद. कॅप्टन साहेब, आमचे पलटणीचे डॉक्टर, केरळचे होते. तंबाखूचं त्यांनी दोनदा सांगितलं. आमची तोंडं पाहूनच सांगितलं असणार.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहिली, ठीक आहे म्हणाले, आणि आम्ही वर निघालो. पहाटे चारला सुरुवात, दुपारी अडीचला पोस्ट. ज्ञानोबानं त्याचा बोजा स्वतः उचलला. वाटेत दोनदा थुंकला. थुंकीत रक्त होतं. मी म्हणालो, थुंकू नको. तो म्हणाला, दादा, तोंडात साचतंय तर काय करू. मला वाटलं, बरोबर आहे. आज मला ठाऊक आहे की जखमेवरचं ते झाकण तो त्या वाटेवर थुंकून मोकळा झाला होता.

चौथ्या दिवशी सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहणं, झाल्यावर तो माझ्या बंकरमध्ये आला. उजवा हात गालावर.

"दादा, कळ लय मारायलीय. कानातून डोक्यात चाललीय. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

मी टॉर्चनं तोंडात पाहिलं. दाढेच्या जागी मोकळा खड्डा, तळाला पांढरं. तोंडाला वास. मी काही डॉक्टर नाही. मी म्हणालो, रेडिओवर साहेबांना कळवतो. त्यानं माझं मनगट धरलं. कळवलं तर खाली नेतील, म्हणाला, खाली नेलं तर नंबर गेला, आणि पोरीचं बारसं तिच्या लग्नात करायचं का.

आता मी काय केलं ते लिहितो.

महिन्याभरापूर्वी मी छुट्टीवरून परतताना वालूरला त्याच्या घरी गेलो होतो. फौजेत ही रीत आहे. एका गावाकडचा जाताना दुसऱ्याच्या घरी जाऊन येतो, पिशवी घेऊन येतो. त्याची आई, कौसामाय, हिनं पिशवी दिली होती. शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या, बाळाची पावलं कुंकवानं उमटवलेला कागद, आणि तंबाखूची एक पुडी. मिश्री लावून कौसामायचे दात काळे झाले होते. पुडी देताना ती म्हणाली होती, तिकडं थंडी लय, दात दुखला तर असू द्या. आमच्याकडे दाढ ठणकली की तंबाखूची चिमूट चुन्यात मळून खड्ड्यात भरतात. माझ्या आजीनं माझ्या भरली, आईनं वडिलांच्या भरली. कळ थांबते. खरंच थांबते, जागा बधिर होते. म्हणून तर लोक भरतात.

त्याच्या सामानातून मी ती पुडी काढली. तळहातावर चुना घालून मळली. त्याला म्हणालो, तोंड उघड. बोटानं खड्ड्यात दाबून भरली.

डॉक्टरांचा हुकूम मला पाठ होता. मी विसरलो नव्हतो. मी मनात म्हणालो, हे केरळचे साहेब, यांना आपल्याकडचं काय कळतं. नव्या पोरांना बूट न पुसल्याबद्दल मी रगडा दिलेला आहे. हुकूम मोडला म्हणून एकाला मी पंधरा दिवस पाठीवर पिट्टूचं ओझं लावून पळवलं होतं.

सव्वा सातला बेसला रोजचा रिपोर्ट द्यायचा असतो. टायगर म्हणजे बेस, टायगर थ्री म्हणजे आम्ही. हिंदीत बोलतात, मी मराठीत लिहितो.

"टायगर थ्री, टायगर. रिपोर्ट द्या. ओव्हर."

"टायगर थ्री. नऊ माणसं हजर. ऑल ओके. ओव्हर."

"दात काढलेला जवान कसा आहे? ओव्हर."

"फिट आहे. ओव्हर."

तासाभरात त्याची कळ थांबली. दुपारी त्यानं खिचडी खाल्ली आणि पवारबरोबर बर्फ फोडून पाण्यासाठी डबे भरले. मला म्हणाला, मायच्या हातचं औषध, उतरणारच. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

पाचव्या दिवशी चिमूट दोनदा बदलली. सव्वा सात, ऑल ओके. कळ नव्हती म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर त्याच्या पार्काच्या, वरच्या जाड कोटाच्या, खिशात सहा गोळ्या पाकिटातच सापडल्या.

सहाव्या दिवशी सकाळी मला त्याच्या जबड्याखाली सूज दिसली. लिंबाएवढी, कडक. त्यानं तोंड झाकणारा लोकरी बालाक्लाव्हा खाली ओढून घेतला आणि म्हणाला, थंडीनं आलीय. मी बोटानं दाबून पाहिली. तो मागे सरला. सूज दिसली तर ताबडतोब कळवायचं, हे शब्द मला आठवत होते. सव्वा सात वाजले. मी हँडसेट उचलला. तो समोर उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

मी ऑल ओके म्हणालो.

त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी हेलिकॉप्टर आलं, आमच्याच पोस्टवर. केरोसीन उतरवलं, डाक उतरवली. चार मिनिटं जमिनीवर होतं, पंखा चालूच. रिकामं परत गेलं. आत दोन माणसांची जागा होती. एक पोतं उचलून आणायला ज्ञानोबाच पंख्याखाली गेला होता. मी त्याला ढकलून आत बसवू शकलो असतो. पायलटला एक बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. अकराच्या पुढे ढग आले आणि त्यानंतर चार दिवस काही उडालं नाही.

सातव्या दिवशी सकाळी साडेसहाला पवारनं मला हाक मारली. ज्ञानोबा बंकरच्या भिंतीला टेकून बसला होता. मान पुढे, तोंड दोन बोटं उघडं, लाळ गळत होती. सूज दोन्ही बाजूंनी होती, हनुवटीपासून गळ्यापर्यंत लाकडासारखी. चहा पाजला तर बाहेर आला. अंग तापलेलं. बोलायचा प्रयत्न केला, पण जीभ वर उचलली गेली होती आणि शब्द फुटत नव्हते. मी सव्वा सातची वाट पाहिली नाही.

"टायगर, टायगर थ्री. डॉक्टर साहेबांना सेटवर बोलवा. इमर्जन्सी. ओव्हर."

साहेब तीन मिनिटांत आले. जीभ वर आहे का, विचारलं. आहे. गिळता येतं का. नाही. आडवं केलं तर श्वास कोंडतो का. करून पाहिलं, कोंडतो.

"सूज कधीपासून? ओव्हर."

मी म्हणालो, कालपासून.

"काल तुम्ही ऑल ओके सांगितलंत. ओव्हर."

साहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाले, ढगात हेलिकॉप्टर येणार नाही, मी माझी पार्टी घेऊन खालून निघतो, तुम्ही वरून निघा, वाटेत भेटू. त्याला आडवा करू नका. बसता ठेवा. मेडिकल किटमधलं इंजेक्शन आहे ते आत्ता द्या.

पवारनं इंजेक्शन दिलं. सात वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पाच जण त्याला घेऊन निघालो. स्ट्रेचर उपयोगाचा नव्हता, कारण झोपवायचं नव्हतं. म्हणून पाठीवर बसवला, दोरानं बांधला आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या. एक घेऊन चालणार, एक पुढे बर्फ तुडवत, एक मागून दोर धरून. वारा समोरून होता. दहा हात पलीकडचं दिसत नव्हतं. पहिल्या दोन तासांत जेवढं अंतर कापायला हवं होतं त्याच्या निम्मं झालं.

त्याला सगळं कळत होतं. पाळी बदलताना तो स्वतः हात पुढे करायचा. एकदा पवारनं त्याच्या तोंडाची लाळ पुसली तेव्हा त्यानं पवारच्या खांद्यावर थोपटलं. थकवल्याबद्दल माफी मागावी तसं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी तिसरी पाळी सुरू झाली. त्याचं तोंड माझ्या उजव्या कानाजवळ होतं. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी चालताना तो मोजत होतो. आवाज आहे तोवर माणूस आहे. मी त्याच्याशी बोलत होतो, काय बोललो ते नीट आठवत नाही. साहेब आता त्या वळणावर भेटतील, असंच काहीतरी. अकरा पंचवीसला आवाज थांबला. मी म्हणालो, ज्ञानू. त्याचे हात माझ्या छातीवर आवळले गेले, खूप जोरात, आणि मग सुटले.

आम्ही त्याला उतरवलं. पवारनं छाती दाबली. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं दाबली. बारा वाजून पाच मिनिटांनी खालची पार्टी पोहोचली. त्याचा आवाज थांबला तेव्हा डॉक्टर आमच्यापासून चाळीस मिनिटांवर होते.

साहेबांनी त्याचं तोंड उघडून टॉर्च टाकला. चिमट्यानं खड्ड्यातून तपकिरी लगदा काढला, कापसावर ठेवला आणि पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे सगळे असंच करतात का?"

"हो साहेब."

"याला कुणी भरली?"

"मी."

त्यांनी कापूस बर्फात टाकला आणि बुटानं झाकला. रिपोर्टमध्ये दाढेचं इन्फेक्शन गळ्यात उतरून श्वास बंद झाला, एवढंच लिहिलं. तंबाखूचं नाव नाही. मी नंतर त्यांना भेटून विचारलं. ते म्हणाले, नुसत्या तंबाखूनंच झालं असं मी सांगू शकत नाही, तिच्याशिवायही झालं असतं कदाचित. पण तिनं कळ मारली, आणि कळ मेली नसती तर तो चौथ्याच दिवशी रडत रेडिओपाशी आला असता. मला शिक्षा झाली नाही. त्या माणसानं माझ्यावर दया केली, आणि मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत साहेब लोकांनी मला चार शब्द सुनावले असते, हुद्द्याच्या पट्ट्या काढल्या असत्या, तर हिशेब तिथं मिटला असता असं मला वाटतं. तसं नसेलही.

त्याला घेऊन मीच वालूरला आलो. अख्खा गाव जमला होता. तिरंगा पाहून लोकांना वाटलं होतं, लढाईत गेला. कसा गेला विचारलं. मी म्हणालो, दाढ काढली होती, तिचं इन्फेक्शन झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारे उघड म्हणाले, दाढेनं कुठं माणूस मरतोय का. अग्नी द्यायच्या आधीच कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे, पोरानं स्वतःवर गोळी झाडून घेतली असणार, फौज लपवायलीय. कुणी म्हणे, मुलगी झाली म्हणून मनाला लावून घेतलं. तोंड सुजलेलं होतं म्हणून पेटी उघडली नव्हती, त्यानं संशय आणखी पक्का झाला. ज्या गावात घरोघर मिश्री लावतात आणि दर तिसऱ्या माणसाची दाढ किडलेली आहे, त्या गावाला एका जवानाची दाढ खरी वाटली नाही.

त्याची बायको वर्षभरानं मुलीला घेऊन माहेरी गेली. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. कौसामाय एकटी राहिली. गावात हुतात्म्यांची पाटी लागली तेव्हा त्यावर ज्ञानोबाचं नाव घ्यायचं की नाही यावर ग्रामपंचायतीत वाद झाला आणि ते राहून गेलं. मी तिथं जाऊन भांडलो. तहसीलमध्ये गेलो, अर्ज केले, टेबलावर हात आपटले. सगळ्यांना शिव्या दिल्या. एक क्लार्क म्हणाला, हवालदार साहेब, तुम्हाला सख्ख्या भावापेक्षा जास्त पुळका. शिव्या कुणाला द्यायच्या होत्या ते मला माहीत होतं.

दर डिसेंबरात त्या तारखेला मी वालूरला जातो. गंगाखेडहून परभणी, परभणीहून सेलू, तिथून जीप. कौसामाय जेवायला घालायची. भाकरी, पिठलं, ठेचा. मी समोर बसून खायचो. दरवर्षी ठरवून जायचो की आज सांगायचं. दरवर्षी पुडी आठवायची. मी सांगितलं तर ती विचारणार, तंबाखू कुठली. आणि मी सांगणार, तुम्हीच दिलेली. एकुलत्या एका पोराच्या मरणात तिचा हात गुंतवायचा, तोही स्वतःचं ओझं हलकं करायला, हे मला जमलं नाही. असं मी स्वतःला सांगायचो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं भित्रेपण होतं.

गेल्या डिसेंबरात दाढ काढून चौथा दिवस होता तेव्हा ती तारीख आली. बायको म्हणाली, या वर्षी राहू द्या. मी गेलो. गोळ्या खिशात, मीठपाण्याची बाटली पिशवीत. चोवीस तास थुंकलो नव्हतो, सगळ्या सूचना घड्याळ लावून पाळल्या होत्या, तरी गाल थोडा सुजला होताच.

कौसामायला आता कमी दिसायचं. पण मी उंबऱ्यात वाकलो आणि तिनं नेहमीसारखा तोंडावरून हात फिरवला, तो गालावर थांबला.

"काय झालं रं तोंडाला?"

दाढ काढली, मी म्हणालो. ती उठली. भिंतीला धरत आत गेली, डबी घेऊन आली, तळहातावर तंबाखू घेतली आणि चुना लावून मळायला लागली. मी म्हणालो, माय, डॉक्टरनं नाही सांगितलंय. ती म्हणाली, डॉक्टरला काय कळतंय, ये, बस हितं, तोंड उघड. अंगठा फिरत होता. मी तिच्यासमोर खाली बसलो होतो, आणि मला उठता येईना.

मळता मळता ती म्हणाली, "माज्या ज्ञानूला बी दिली व्हती पुडी. तुज्याच हाती. पर तिथं त्याला कोण भरून देणार. कुणी भरली असंल का रं?"

वीस वर्षं मी जे वाक्य पाठ केलं होतं ते हे नव्हतं. पण तोंडातून जे आलं ते असं.

"भरली व्हती, माय. मीच भरली."

तिचा अंगठा थांबला. मग ती म्हणाली, "म्हंजी दाढच व्हती."

"व्हय. दाढच."

"गाव मला काय काय सांगत आलं. पोरानं जीव दिला म्हणत आलं. मी बी म्हणायची, असंल. दाढंनं कुठं कोण मरतंय. मला बी खरं वाटलं न्हाई, बाबा. तुजं खरं वाटलं न्हाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "कळ उतरली व्हती का त्याची?"

"उतरली. दोन दिवस त्याला काई दुखलं न्हाई."

"मग लय बरं केलंस. म्या म्हणायची, लेकरू तसंच कळा काढीत गेलं." आणि तिनं तो तंबाखूचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.

यापुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं. त्याच तंबाखूनं त्याची कळ मारली, म्हणून तो बोलला नाही, म्हणून मी बोललो नाही, म्हणून तो गेला. मी ते बोललो नाही. ती वीस वर्षांनी पहिल्यांदा मोकळी बसली होती. मला हेही कळलं की एवढं एक वाक्य मी तेव्हाच, त्या पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर वीस वर्षं तिनं पोराच्या आत्महत्येचा विचार करत काढली नसती. मी तिला जपतो आहे असं समजत होतो.

तिनं मळलेली चिमूट माझ्यापुढे धरली. मी ती तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि म्हणालो, जेवण झाल्यावर भरतो. जेवलो. डाव्या बाजूनं चावून, भाकरी दुधात कुस्करून. निघताना ती फाटकापर्यंत आली. चिमूट तेव्हाही माझ्या खिशातच होती.

माझा खड्डा महिन्याभरात भरून आला. डॉक्टर म्हणाली, काका, इतकं शिस्तीत बरं होणारा पेशंट मी पाहिला नाही.

कौसामाय या वैशाखात गेली. आता हे वाचून दुखावेल असं त्या घरात कुणी नाही, म्हणून लिहिलं.

शिपाई ज्ञानोबा, राहणार वालूर, तालुका सेलू. वय चोवीस. मुलगी त्यानं पाहिली नव्हती, पावलांचा कागद तेवढा पाहिला होता, तो त्याच्या छातीच्या खिशात निघाला. गावाच्या पाटीवर त्याचं नाव नाही. डॉक्टरनं त्याला दिलेला हुकूम एका ओळीचा होता आणि तो पाळून घेणं माझं काम होतं. मी त्याला तोंड उघड म्हणालो, आणि मी सांगितलं म्हणून त्यानं उघडलं.